पहाटे चारला घरातून पळणारी माणसं

चारचौघांत बोलायची गोष्ट नाही, पण मैसूरच्या आपल्या मराठी मंडळींमध्ये हल्ली भलतंच काहीतरी चाललंय. चांगली कर्तीसवरती, पन्नाशीला टेकलेली, मुलं लग्नाला आलेली माणसं पहाटे चारला घरातून पसार होतात. रात्री आठला जेवून नऊला दिवा मालवतात. बूट, मोजे, घड्याळ सगळं आधीच खुर्चीवर मांडून ठेवलेलं. घरात पाहुणे असोत की गणपती बसलेले असोत, ‘उद्या माझी लाँग रन आहे’ म्हटलं की विषय संपला. पूर्वी असलं काही कानावर आलं असतं तर वडीलधाऱ्यांनी बोलावून समज दिली असती. आता वडीलधारेच सगळ्यांत पुढे!

जातात कुठे, तर कुक्करहळ्ळी तळ्यावर. मुम्मडी कृष्णराज वडेयरांनी १८६४ साली शेतीच्या पाण्यासाठी करवून घेतलेलं तळं हे. पाण्यावर पेलिकन आणि चित्रबलाक बसलेले असतात, लोक दुर्बिणी गळ्यात अडकवून लांबलांबून येतात आणि आमची मंडळी मनगटाकडे बघत त्याच काठाने फेऱ्या मारतात. काय पक्षी दिसले विचारलं की उत्तर, ‘आज झोन टू होता.’ म्हणजे धाप न लागता गप्पा मारता येतील इतकं सावकाश धावायचं. सावकाश जाऊन गप्पाच मारायच्या होत्या तर बायकोबरोबर देवराज मार्केटात भाजीला जायचं होतं, असं शेजारच्या वहिनींचं मत आहे. मला ते खोडता आलेलं नाही.

पण खरा अधर्म चामुंडी टेकडीवर. मैसूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर, टेकडीचा माथा हजाराच्या वर. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयरांनी हजार पायऱ्या बांधल्या, त्या काय यांच्या मांड्या भरदार व्हाव्यात म्हणून? वाटेत एवढा थोरला अखंड दगडाचा नंदी, पण त्याच्यापुढे हात जोडणं नाही, नुसतं घड्याळाचं बटण दाबणं. सायकलवाले डांबरी रस्त्याने वर जातात, माथ्याला चाक लागलं की तसेच वळतात, उतरतात, पुन्हा चढतात. याला म्हणे हिल रिपीट. एका सकाळी तीनदा डोंगर चढायचा आणि देवीचं दर्शन एकदाही नाही! तिकडे आषाढातल्या शुक्रवारी बायका पायरीपायरीला हळदकुंकू लावत, वाकत-उठत वर जातात. ना घड्याळ, ना बूट, ना फोटो. या वीरांपैकी एकाने तसं करून दाखवावं. दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना कठडा सोडणार नाही.

खाण्याची तऱ्हा तर विचारू नका. एरवी भाताकडे संशयाने बघणारे स्पर्धेच्या आधी तीन दिवस ‘कार्ब लोडिंग’ म्हणून मैलारी हॉटेलात लोण्याचे डोसे रिचवतात. ज्या गावात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून आहे, जवानांच्या शिध्यावर संशोधन करणारी संरक्षण खात्याची प्रयोगशाळा १९६१ पासून आहे, त्या गावात बसून आमचे शेजारचे भावजी परदेशी एनर्जी जेलच्या पुड्या मागवतात. एक पुडी मी चाखली. खोकल्याच्या औषधात मीठ पडावं तशी चव, आणि बोटं साबणाने धुतली तरी चिकटच. आता गंमत बाजूला ठेवून सांगायचं तर जेल खाण्यामागचं कारण खोटं नाही. अंगात साठलेलं ग्लायकोजेन ढोबळ हिशोबाने दोन हजार कॅलरींचं. ते तिसाव्या किलोमीटरच्या आसपास आटत येतं, आणि मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. मग पाय शिशाचे होतात. ‘वॉल लागली’ म्हणतात ती हीच. श्रीरंगपट्टणजवळ कालव्याच्या काठाने मातीवरून कावेरी ट्रेल मॅरेथॉन होते. तिथे ऊन चढल्यावर भले भले मॅनेजर घोटभर पाण्यासाठी अनोळखी पोरांना ‘अण्णा, अण्णा’ करताना सापडतात.

सायकलवाल्यांचं प्रकरण आणखी गंभीर. याचं मूळ नाशकात आहे असा माझा वहीम. २०१५ साली तिथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी जोडीने ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली, जवळजवळ ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. २०१७ साली श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने संपवली. झालं! तेव्हापासून ज्याला किराणा आणायला स्कूटर लागायची तो ‘ब्रेव्हे’च्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलने कापायच्या, गोष्टी सांगतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. वाटेत कार्डावर शिक्के घ्यायचे, आणि पहिला-दुसरा नंबर कुणाचाच नाही! नंबर नाही, बक्षीस नाही, तरी रात्री दोनला मंड्याच्या पुढे सर्व्हिस रोडवर पंक्चर काढत बसतात. (सर्व्हिस रोडवर, कारण १ ऑगस्ट २०२३ पासून बेंगळुरू-मैसूर एक्सप्रेसवेच्या मुख्य मार्गावर सायकलला बंदी आहे. सरकारला तरी थोडी काळजी आहे म्हणायची.) शिवाय २००८ पासून चाललेली टूर ऑफ नीलगिरीज ही सायकलयात्रा. तिच्यातला मसिनगुडीहून उटीला जाणारा कल्हट्टी घाट ३६ वळणांचा. तिथे लाखाची सायकल हातात धरून ढकलणारा माणूस बघितला की पैशाचं मोल कळतं.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण सराव म्हणजे चढउतार, आणि यांना चढ तेवढा कळतो, उतार सोसत नाही. तीन महिने सगळं छान जमून आलेलं असतं, आणि मग अचानक गुडघा बोलायला लागतो. शेजारचे भावजी सोफ्यावर पाय लांब करून, गुडघ्यावर फ्रीजरमधल्या मटारची पिशवी ठेवून पडलेले मी स्वतः बघितलेत. वहिनी स्वयंपाकघरातून विचारत होत्या, ‘अहो, ते मटार उसळीत घालू की तुमच्या गुडघ्याचं अजून व्हायचंय?’ फिजिओथेरपिस्टने दोन आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली होती. तिसऱ्या दिवशी भावजी कुक्करहळ्ळीला. ‘नुसता चालणार आहे गं’ म्हणून गेले आणि लंगडत आले.

व्यायामाने स्नायूंना बारीक बारीक इजा होते आणि ते भरून येऊन बळकट होतात ते झोपेत, विश्रांतीत. कोच ओरडून सांगतात, म्हणून तर स्पर्धेआधी दोन-तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं, ज्याला टेपर म्हणतात. चार तास उन्हात पळा म्हटलं तर पळतील, एक रविवार घरी बसा म्हटलं की तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. घड्याळ म्हणतं ‘फिटनेस घटला’, आणि हा माणूस त्या घड्याळाचं ऐकतो, बायकोचं नाही, डॉक्टरचं नाही, गुडघ्याचं तर नाहीच नाही. माझ्या मते या छंदातला सगळ्यांत मोठा गुन्हा हाच. पळणं नव्हे, बसता न येणं.

तेव्हा ज्यांच्या घरी असा कुणी असेल त्यांना विनंती. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात घड्याळाचा चार्जर लपवा, सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा काढा आणि पंप आमच्याकडे आणून द्या. आमच्या माळ्यावर अजून चार पंपांची जागा आहे.