तिसऱ्या मजल्यावरची चूल

‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी दिसली की कोल्हापूरच्या माणसाची गाडी आपोआप रस्त्याकडेला वळते. इथवर ठीक. पण तीच चूल भाड्याच्या फ्लॅटमध्ये मांडायचा विचार ज्यांच्या डोक्यात येतो, त्यांच्याशी जरा बोलायला हवं. त्यांचा पहिला मुद्दा कायद्याचा असतो: भाडेकरारात चुलीला मनाई कुठं आहे? नाहीच. बेडरूममध्ये म्हैस बांधू नये, असंही तिथं लिहिलेलं नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि ११ महिन्यांच्या त्या कागदात जागेचं नुकसान करू नये, शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नये, एवढं बहुधा असतंच. काळं पडलेलं छत पहिल्या अटीत बसतं, वरच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्या दुसरीत. डिपॉझिटचा निकाल लावायला घरमालकाला तेवढं पुरतं.

“आमच्या आज्जीनं जन्मभर चूल फुंकली, तिला काय झालं?” हा पुढचा ठरलेला सवाल. खोकला झाला, डोळ्यांतून पाणी आलं. फक्त ते कुणी चुलीच्या नावावर मांडलं नाही. घरातल्या अशा धुरानं २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शिवाय आज्जीचं घर कौलारू; धूर सवण्यातून, कौलांच्या फटींतून आभाळात जायचा. फ्लॅटमध्ये वर आभाळ नसतं, चौथा मजला असतो. “मग कोळशाची शेगडी घेऊ, तिला धूरच नाही,” असं म्हणणारा सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत धोक्यात. धूर निदान खोकायला लावून माणसाला बाहेर हाकलतो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि मटण शिजलं की नाही हे बघायला कुणी उठत नाही. त्यात १४.२ किलोचा सिलिंडर त्याच घरात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत पसरतो. म्हणजे नेमका चुलीच्या उंचीवर.

“पण चव?” खरी हरकत ही. रस्सा झाकणाखाली शिजतो आणि धूर झाकणाबाहेर फिरतो, त्यामुळं चवीचं बरंचसं श्रेय मंद आचेला, भाजलेल्या खोबऱ्याला आणि कांदा-लसूण मसाल्याला द्यावं लागेल. ही तिन्ही गॅसवर जमतात. फक्त शिट्ट्या मोजायची घाई सोडावी लागते. आरावर शेकलेली भाकरी आणि भाजलेलं वांगं यांच्याबाबत मात्र चूल जिंकते, हे मान्य. पण त्यासाठी बाल्कनी कशाला? गच्चीही नको, ती सगळ्या सोसायटीची, आणि तिथं प्लास्टिकच्या टाक्या असतात. या शहरानं यावर रस्सा मंडळ नावाचा तोडगा कधीच काढून ठेवलाय: चार मित्र, एक पातेलं आणि कुणाचं तरी शेत. तेव्हा येत्या आखाडात शेतवाला मित्र गाठा, जळण तुम्ही न्या, आणि निघताना निखाऱ्यावर दोन बादल्या पाणी ओता.