लावणीच्या दिवसांत मावळात मुक्कामी जाणाऱ्या स्वयंसेवकासाठी सूचना

समाजसेवेचा शुद्ध हेतू मनात धरून जो स्वयंसेवक आषाढात पवन, नाणे किंवा आंदर मावळातल्या एखाद्या शेतकरी घरात राहायला निघाला आहे, त्याच्यासाठी या सूचना आहेत. तो पुण्याच्या कर्वेनगरातला आहे की केनियातला, याने फारसा फरक पडत नाही. घरच्यांच्या लेखी दोघेही सारखेच लांबचे, दोघांनाही भूक कमी लागते आणि दोघांनाही बांधावरून चालता येत नाही.

वेळेची निवड पहिल्यांदा. लोणावळ्यात वर्षाला 4000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. नेमक्या याच दिवसांत भातलावणी असते. म्हणजे स्वयंसेवकाच्या सुट्टीचा महिना आणि घराला श्वास घ्यायला फुरसत नसलेला महिना एकच. त्याने कामशेत किंवा मळवलीला लोकलमधून उतरावे, भुशी धरणाकडे निघालेल्या गर्दीतून वाट काढावी आणि घरी पोचताच “मी काय मदत करू?” असे विचारावे. उत्तर ठरलेले आहे : “बसा, च्या घ्या.” ही टोलवाटोलवी नव्हे. लावणी चालू असलेल्या घरात बसून राहणारा माणूस ही खरोखर मोठी मदत असते, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळेल.

कपड्यांबद्दल थोडक्यात. ते वाळणार नाहीत. चुलीवरच्या दोरीवर टाकले तर ओल जाईल आणि धुराचा वास येईल. तो वास परतल्यावरही दोन धुण्यांपर्यंत टिकतो. ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेतलेले महागडे जाकीट खुंटीला लावून ठेवावे आणि घरच्यांसारखे खताच्या गोणीचे घोंगते किंवा प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून घ्यावा. पानांचे इरले आता क्वचितच दिसते. फोटोसाठी कोणी माळ्यावरून काढून दिलेच, तर फोटो काढून लगेच परत करावे.

आता जेवण. हा विषय सविस्तर घेणे भाग आहे.

स्वयंसेवकाने यजमानांच्या गळ्याकडे आधी पाहावे. तुळशीची माळ असेल तर अंड्याचे नावही काढू नये. आळंदी-देहू इथून हाकेच्या अंतरावर. पालख्या पंढरीच्या वाटेला लागलेल्या असतात आणि घरातला एक तरी माणूस, लावणी टाकून, त्यांच्याबरोबर गेलेला असतो. त्याच्याविषयी कोणी तक्रार करत नाही. तक्रार करायची वेळ आलीच तर समोर बसलेला स्वयंसेवक सोयीचा पडतो. माळ नसेल, तर पहिल्या पावसातल्या ओढ्याचे खेकडे ताटात येण्याची शक्यता धरावी. नांगी कशी फोडायची हे घरातल्या सर्वांत लहान मुलाकडून शिकावे. ते हसेल, पण दाखवेल.

नाचणीच्या भाकरीपुढे मात्र कर्वेनगरवाल्याची पंचाईत होते आणि केनियावाला सुखाने जेवतो. त्याचे कारण जुने आहे. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवरची. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि सह्याद्रीच्या उतारांवर अशी रुळली, की तिला परकी म्हणायची आज कोणाची छाती नाही. केनियात याच पिठाची पातळ ‘उजी’ सकाळी पितात, बऱ्याचदा आंबवून. तेव्हा आजीने आंबिलीचा पेला पुढे केला की तो पाव्हणा घोट घेऊन मान डोलावतो, आणि पुण्याचा पाव्हणा हळूच विचारतो, “पोळी असेल का?” आजी उठते आणि लावणीवरून आलेल्या सुनेला कणीक भिजवायला सांगते. त्या घरात पुण्याबद्दलचे मत तिथेच कायमचे ठरते.

आग्रहाचा नियम सोपा आहे. पहिले ‘नको’ हे लाजणे समजले जाते, दुसरे ‘नको’ हे वळण. तिसऱ्यांदा दोन्ही हात ताटावर आडवे धरावे लागतात. तरीही बोटांच्या फटीतून भात पडतो. “एवढंसं खाऊन काम व्हतंय व्हय?” या प्रश्नाला उत्तर देऊ नये. काम झालेले नसते हे सर्वांना माहीत असते.

पाटावर मांडी घालून बसण्याचाही सराव हवा. योग शिकायला जगभरातून माणसे लोणावळ्याच्या कैवल्यधामात येतात. स्वामी कुवलयानंदांनी ती संस्था 1924 साली उभारली. तिथे पद्मासन जमले म्हणून हुरळून जाऊ नये. तिथे समोर तुडुंब भरलेले ताट नसते आणि उठताना टेकायला हात उष्टा नसतो.

शेतात जाण्याची परवानगी साधारण चौथ्या दिवशी मिळते. खाचरात चिखलणी झालेली असते, तरव्याच्या जुड्या बांधावरून फेकलेल्या असतात, आणि बायका ओणव्याने मागे सरकत दोन-तीन रोपांचा एकेक चूड अंगठ्याने खोचत जातात. बघायला सोपे. स्वयंसेवकाने खोचलेला चूड पाण्यावर तरंगतो. शेजारची काकी काही न बोलता तो उचलते, खोचते आणि आपल्या ओळीला लागते. तिचा वेग कमी होत नाही, ही बाब स्वयंसेवकाने मनाला लावून घेऊ नये.

त्याच्या योग्यतेचे एक काम मात्र शास्त्राने राखून ठेवले आहे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत दोरीवरच्या खुणा धरून आलटून पालटून 15 आणि 25 सेंटिमीटरवर चूड लावतात आणि दर चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी हाताने चिखलात खोल दाबतात. गोळी तरंगत नाही. दोरी ताठ धरणे हेही चांगले काम आहे. त्याला एका टोकाला माणूस लागतोच, आणि तो कोण आहे याने भाताला फरक पडत नाही. भातही बहुधा इंद्रायणीच असतो. इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून काढलेला हा वाण 1987 साली प्रसारित झाला. ही माहिती यजमानांना सांगू नये. त्यांच्या वडिलांनी त्याचे बी पहिल्या वर्षांतच आणलेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि मग ती गोष्ट पूर्ण ऐकावी लागते.

सावडीचा व्यवहार समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे. आज या घरातली चार माणसे शेजाऱ्याच्या लावणीला गेली, की उद्या शेजारची चार इकडे येतात. कागद नाही, पैसा नाही, पण हिशेब पक्का. या हिशेबात स्वयंसेवक कसा धरायचा हा गंभीर पेच आहे. यजमान त्याला पूर्ण माणूस म्हणून शेजारी पाठवतात. संध्याकाळी शेजारचे तात्या ओटीवर येतात, तंबाखू मळतात, हवापाण्याचे बोलतात आणि जाताना म्हणतात, “पाव्हणं बरं हाय, पण उद्याला धाकल्याला लावून द्या.” वाटाघाटीअंती स्वयंसेवक अर्धा धरला जातो. केनियाचा पाव्हणा घरी शेती करत आलेला असेल, तर तो पूर्ण धरला जातो आणि तात्या त्याला आणखी एक दिवस मागतात. या भावाला हरकत घेऊ नये. तो रास्त असतो.

संध्याकाळी देवळात हरिपाठाला जावे. हातात टाळ येईल; तो हळू वाजवावा. चार ओळी पाठ करून गेल्यास उत्तम. 1961 च्या ऑगस्टअखेर अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संघटनेची पहिली तुकडी घानात अक्रा विमानतळावर उतरली, तेव्हा त्या तरुणांनी स्वागताला आलेल्यांपुढे तिथल्या ट्वी भाषेत गाणे म्हटले होते. उच्चार कसेही असोत, पाठ करून आले होते. स्वच्छतेवरचे सादरीकरण दाखवण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही बरा, शिवाय सादरीकरणाला लागणारी वीज त्या वेळी गेलेली असते.

नावाची हौस असल्यास कार्ल्याला जाऊन यावे. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर दात्यांचे लेख आहेत आणि त्यांत धेनुकाकटाहून आलेले कित्येक ‘यवन’ आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी मावळात परक्याला आपले नाव लावायचे तर अख्खा दगडी खांब द्यावा लागे. एका शोषखड्ड्यावर संस्थेच्या बोधचिन्हासह चार फुटी फलक लावणाऱ्यांनी तो दर ध्यानात घ्यावा.

निघताना पिशवीत पाच किलो इंद्रायणी मिळेल. पैसे काढू नयेत. वजन जास्त होते म्हणून अर्धा ठेवून जाण्याचा विचार बोलूनही दाखवू नये, नाहीतर वर मुठे (खेकडे) भरलेला डबा येतो आणि तो लोकलमध्ये उघडतो. घरी गेल्यावर कुकरला पाणी बेतानेच घालावे. हा तांदूळ जात्याच चिकट आहे. नेहमीच्या सवयीने पाणी ओतले तर भात गुरगुट्या होतो, आणि फोनवर आजीचा पहिला प्रश्न त्याच भाताबद्दल असतो.