आधी कोणाला बघाल?

पनवेल हे मुळात दुसरीकडे जाणाऱ्यांचं गाव. कोकणात जायचं असो, गोव्याला असो की पुण्याला, माणूस पनवेलच्या स्टँडवर उतरतो, वडापाव खातो, एसटीला चार शिव्या घालतो आणि पुढे निघतो. २०२५ च्या डिसेंबरपासून नव्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, त्यामुळे जाणाऱ्यांची आणखीच सोय झाली. आयटीतला मुलगा अमेरिकेला निघाला, की त्याच्या बॅगा लिफ्टच्या दारात अडकतात तेव्हा सोसायटीला पत्ता लागतो. नर्स निघायची असली तर मात्र वर्षभर आधीपासून अख्ख्या जिन्याला ठाऊक असतं. तिला आधी एनक्लेक्स नावाची परीक्षा द्यावी लागते, त्या अभ्यासाला पेशंट लागतात, आणि ते पेशंट म्हणजे आम्ही.

नवीन पनवेलमधल्या आमच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर सिस्टर राहतात. त्यांना नाव आहे, पण ते मेंटेनन्सच्या पावतीपुरतं. एरवी दुधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टरच. जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून एका खासगी हॉस्पिटलात लागल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. ज्या म्हाताऱ्याची शीर तीन डॉक्टरांना सापडत नाही ती यांना लाईट गेलेली असताना सापडते. बिल्डिंगीतल्या निम्म्या लोकांचं बीपी त्यांनी मोजलंय, उरलेल्या निम्म्यांचं वाढवलंय. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना टेक्सासला गेलेल्या एका मल्याळी मैत्रिणीचा फोन आला, आणि माणसं उपोषणाला बसतात तशा सिस्टर एनक्लेक्सला बसल्या.

परीक्षा कशी, ते सांगतो. अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर तिथे शिकलेल्या मुलीलाही ती द्यावीच लागते. २०१५ पासून कॅनडानेही तीच लावली. फी २०० डॉलर, आणि अमेरिकेबाहेरच्या केंद्रावर बसायचं म्हणून वर १५०. प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुमच्या वाट्याला किती येणार ते कुणीच सांगू शकत नाही. कॉम्प्युटर तुमचं उत्तर बघून पुढचा प्रश्न काढतो. बरोबर आलं की जरा अवघड, चुकलं की जरा सोपा. ही बाई पास होण्यातली आहे की नाही याची त्याला ९५ टक्के खात्री पटली की विचारणं बंद. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, मागे येऊन खाडाखोड करता येत नाही. "येतात ते आधी सोडव" या एका मंत्रावर आमची पिढी बोर्डाला पास झाली. या परीक्षेत आम्ही पहिल्या दहा मिनिटांत गारद झालो असतो. वर मार्कही सांगत नाहीत. पास किंवा नापास, एवढंच. "किती मिळाले गं?" हे विचारायची सोयच शेजाऱ्यांना ठेवलेली नाही, आणि माझ्या मते हाच त्या परीक्षेतला खरा दुष्टपणा.

या पद्धतीचा सिस्टरांच्या स्वभावावर पहिला परिणाम असा झाला की त्यांना सोप्या प्रश्नाची धास्ती बसली. सोपा प्रश्न आला म्हणजे आधीचा चुकला, हे डोक्यात पक्कं. आमच्या हिने एकदा साधं विचारलं, "चहा टाकू का?" सिस्टर सोफ्याच्या कडेवर ताठ होऊन बसल्या. यात काहीतरी आहे, असा चेहरा.

दुसरा परिणाम माझ्यावर झाला. सकाळी दूध आणायला खाली उतरावं, तर नाईट करून परतणाऱ्या सिस्टर जिन्यातच अडवायच्या.

"काका, चार पेशंट. एकाचं ऑपरेशन झालंय, दुखतंय दहापैकी आठ. दुसऱ्याला हार्ट फेल्युअर, पायाला सूज. तिसऱ्या बाईंचं काल थायरॉईडचं ऑपरेशन झालंय, आता श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतोय. चौथा डिस्चार्जला उशीर झाला म्हणून आरडाओरडा करतोय. आधी कोणाला बघाल?"

मी म्हटलं, "चौथ्याला. त्याच्याबरोबर चार नातेवाईक असणार आणि त्यातला एक व्हिडिओ काढत असणार."

सिस्टरांनी माझ्याकडे फार दयेने बघितलं. "काका, तुम्ही आमच्या हॉस्पिटलचं उत्तर दिलंत. एनक्लेक्समध्ये ओरडणारा सगळ्यात शेवटी. ज्याला ओरडता येतं त्याचा श्वास चालू आहे."

आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्ताभिसरण. बाकीचं जग नंतर. हार्ट फेल्युअरवाल्याच्या पायाला सूज असायचीच. ते अपेक्षित लक्षण. अपेक्षित लक्षणाची नोंद करायची आणि लक्ष ठेवायचं, धावायचं नाही. हा नियम सिस्टरांना इतका आवडला की त्यांनी तो घरी लागू केला. नवऱ्याचं घोरणं: अपेक्षित लक्षण. नळाला पाणी नाही: अपेक्षित लक्षण. महिनाअखेरीचं बँक खातं: अपेक्षित लक्षण, लक्ष ठेवा.

नवरा बिचारा तळोजा एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर. कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसं आहेत, घरी मात्र त्याची नेमणूक युएपी म्हणून झाली. अमेरिकेत नर्सच्या हाताखाली कोण काय करू शकतं याचे नियम कडक, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास. युएपी म्हणजे आपल्याकडे ज्यांना मावशी किंवा वॉर्डबॉय म्हणतात ती मंडळी. त्यांना अंघोळ घालणं, भरवणं, चालवणं, तब्येत स्थिर असलेल्या पेशंटचा ताप मोजणं, लघवी मोजून लिहिणं, एवढं सांगता येतं. पेशंट तपासणं, त्याला शिकवणं आणि निष्कर्ष काढणं ही कामं नर्सने स्वतःच करायची. त्यानुसार तांदूळ धुऊन कुकर लावणं नवऱ्याकडे गेलं. शिट्ट्या मोजणं, तेही गेलं. आमटीत मीठ बेताचं आहे का हे ठरवणं मात्र निष्कर्षात मोडतं, म्हणून त्याने चमचा तोंडात घातला की आतून आवाज यायचा, "अहो, तो तुमचा अधिकार नाही!" सासूबाईंना त्या मानाने बरी पोस्ट मिळाली, एलपीएनची, म्हणजे परवाना असलेली पण एक पायरी खालची नर्स. ज्या बाईने तीस वर्षं त्या स्वयंपाकघरात इनचार्ज म्हणून राज्य केलं तिला ही बढती म्हणून सांगण्यात आली.

मग आला 'लागू पडतील ते सगळे निवडा' हा प्रकार. पर्याय पाच-सहा, बरोबर किती ते सांगत नाहीत. पूर्वी यातला एक जरी हुकला तरी पदरात शून्य. १ एप्रिल २०२३ ला परीक्षेने नवं रूप घेतलं तेव्हापासून अर्धेमुर्धे गुण मिळतात, पण भलता पर्याय निवडला की कापूनही घेतात. शिकवणारे सांगतात, प्रत्येक पर्याय दुसऱ्यांकडे न बघता एकटा तपासा, खरा की खोटा. सासूबाईंनी बाजारातून फोन केला, "गवार आणू, भेंडी आणू का वांगी?" सिस्टरांनी तिन्ही स्वतंत्रपणे तपासल्या. तिन्ही खऱ्या निघाल्या. आठवडाभर ते घर गवार, भेंडी आणि वांगी खात होतं.

नव्या रूपातला दुसरा प्रकार म्हणजे बो-टाय. मध्ये एक चौकट, त्यात पेशंटला झालंय काय ते लिहायचं. डावीकडे करायच्या दोन गोष्टी, उजवीकडे लक्ष ठेवायच्या दोन. सोसायटीच्या सभेत बंद पडलेल्या लिफ्टवरून दीड तास वाद चालला होता, तेव्हा सिस्टर फळ्याकडे गेल्या. मध्ये लिहिलं, 'मेंटेनन्स थकबाकी'. डावीकडे, 'नोटीस' आणि 'कंपनीला फोन'. उजवीकडे, 'चेअरमनचा मोबाईल' आणि 'चेअरमनचा भाचा'. लिफ्टचं कंत्राट कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण असं आकृतीत कुणी बघितलं नव्हतं. सभा तहकूब झाली. लिफ्ट चार दिवसांत चालू.

औषधांत सिस्टर कुठेच अडकत नव्हत्या. पोटॅशियम ३.५ ते ५, सोडियम १३५ ते १४५ हे त्या झोपेत म्हणायच्या, नवऱ्याच्या सांगण्यानुसार अक्षरशः. डिगॉक्सिन देण्याआधी मोठ्या माणसाची नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची आणि साठच्या खाली असली तर डोस थांबवायचा, हे त्या विशीतच शिकल्या होत्या. कमी मिठाचं जेवण निवडा म्हटल्यावर पर्यायांत टर्की सँडविच आणि डब्यातलं सूप यायचं. सिस्टरांनी टर्की पाहिलेली नाही, पण सासूबाईंचे सुके बोंबील मनात धरून त्या बरोबर उत्तरापर्यंत पोचायच्या. सासूबाईंचा काढा काय-काय घालून उकळतात याचीही रीतसर नोंद झाली, कारण पेशंट कुठल्या वनौषधी घेतो हे विचारणं तिथे सक्तीचं. १८७२ पासून धूतपापेश्वरची औषधं जिथे तयार झाली त्या पनवेलमध्ये हा प्रश्न विचारायचा म्हणजे संध्याकाळ जायची.

अडकायच्या त्या माणसांत. सराव परीक्षेत एक प्रश्न त्यांचा सतत चुकायचा. पेशंट म्हणतो, मला उद्याच्या ऑपरेशनची भीती वाटते. तुम्ही काय म्हणाल? सिस्टरांचं बोट आपोआप 'काळजी करू नका, सगळं नीट होईल' यावर जायचं. चूक! हा खोटा धीर. 'का वाटते?' हेही चूक, कारण त्याने माणूस आरोपी होतो. बरोबर उत्तर: 'भीती वाटते म्हणता, त्याबद्दल आणखी सांगाल का?'

मला हे पटलं नाही, अजूनही पूर्ण पटलेलं नाही. मी स्वतः त्यांच्या वॉर्डात चार रात्री काढल्यात. एका सिस्टरकडे तीसेक पेशंट, मावशी रजेवर, डॉक्टरांचा फोन लागत नाही, प्रत्येक खाटेखाली एक नातेवाईक आणि प्रत्येक नातेवाइकाच्या हातात शहाळं. मग तो पेशंट किडनीचा का असेना, ज्याला त्यातलं पोटॅशियम चालत नाही. त्या गदारोळात सिस्टर एका हाताने शहाळं काढून घ्यायच्या, दुसरा हात पेशंटच्या कपाळावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "काही होत नाही." तो वॉर्ड त्या तीन शब्दांवर चालतो. तिथे "आणखी सांगाल का?" म्हणून बघा. सकाळचे सहा वाजतील आणि पहिल्याच खाटेचं सांगून व्हायचं असेल.

एनक्लेक्सच्या हॉस्पिटलात ती पंचाईत नाही. तिथे नर्सला पेशंट मोजके. कॅलिफोर्नियात तर कायदाच आहे, साध्या वॉर्डात एका नर्सला पाचाच्या वर द्यायचे नाहीत. युएपी रजेवर नसतो, कॅथेटर संपलेले नसतात, डॉक्टर पहिल्या रिंगला फोन उचलतात. सिस्टरांना अवघड गेलं ते हेच. आजार त्यांना सगळे माहीत होते. अशा हॉस्पिटलवर विश्वास ठेवणं जमत नव्हतं. एखाद्या प्रश्नात 'नर्स पेशंटजवळ खुर्ची घेऊन शांत बसते' हा पर्याय आला की त्या पुस्तक मिटून विचारायच्या, "आणि बाकीचा वॉर्ड कोण बघतंय?"

तरी त्यांनी नेटाने सराव केला, आणि सराव म्हणजे पुन्हा घर. सासूबाई म्हणाल्या, "भाकरी करपली." सिस्टर म्हणाल्या, "भाकरी करपल्यामुळे तुम्हाला वाईट वाटतंय असं दिसतंय." सासूबाईंनी नीट विचार केला. "मला काय वाटत नाय. भाकरी करपलीय."

परीक्षा मुंबईत होती. पनवेलची लोकल पनवेललाच सुटते, त्यामुळे खिडकी मिळाली. हार्बरवरच्या मधल्या स्टेशनातून चढणाऱ्यांना या सुखाची कल्पना नाही. केंद्रावर फोटो काढला, तळहाताच्या शिरांचं स्कॅन घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शिरा शोधलेल्या बाईच्या शिरा मशीनने एका झटक्यात शोधल्या, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं. नव्वदीनंतर त्यांनी प्रश्न मोजणं सोडलं. मग कधीतरी पडदा बंद झाला.

दोन दिवसांनी, थोडे डॉलर वेगळे भरून, कच्चा निकाल बघता येतो. नवऱ्याने मोबाईल उघडला. हा निष्कर्ष असूनही त्याला परवानगी मिळाली. पास.

बिल्डिंगीत पेढे वाटले. चेअरमननी शाल आणि नारळ दिला, लिफ्टचा विषय काढला नाही. जो तो विचारत होता, विमान कधी? तेव्हा खरी माहिती बाहेर आली. पास म्हणजे परवान्यापुरतं. ग्रीनकार्डची रांग वेगळी, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून जास्त मागे पडलेली. आम्ही सगळे गप्प झालो. सिस्टर पेढा मोडता मोडता म्हणाल्या, "अपेक्षित लक्षण."

सासूबाईंना रांगेचं वगैरे काही नीट कळलं नव्हतं. त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "म्हणजे इथेच हायस ना अजून? मग आजच्या भाकऱ्या कोण करणार?"

"पीठ स्थिर आहे," सिस्टर नवऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "युएपीला द्या. करपली की नाही ते मी बघते."