आंबट, पण चांगलं

पांढरकवड्याच्या माणसाला परदेशाचं कौतुक जरा कमीच. माझे आजोबा अधूनमधून परदेशी जायचे, तेही बैलगाडीने. पाटणबोरीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. तिथे बोली तेलुगू, सरकारी कागद उर्दूत, चलन हाली सिक्का आणि नाक्यावर करोडगिरीचा शिपाई. परदेशाला आणखी काय लागतं? आजोबांना व्याकरण एकाही भाषेचं येत नव्हतं, मराठीचंसुद्धा. तरी आदिलाबादेहून ते कधी उपाशी परत आले नाहीत, आणि बैलाचा सौदाही मोडला नाही.

या घराण्याचा वारस म्हणून मी शिकायला जर्मनीत निघालो. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी घेत नाहीत, हे एकच जर्मन सत्य बाबांना पुरलं. गावाचं नाव केम्निट्झ. सूत-कापडाच्या गिरण्यांमुळे त्याला एके काळी सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे, हे सांगितल्यावर बाबा एकदम निर्धास्त झाले. "म्हंजे कापसाचंच गाव हाये. मंग काहून भेतं बे?"

भिण्याचं कारण पुण्यातला एक जर्मनचा क्लास होता. तिथे आम्हाला भाषा शिकवली नाही, भाषेचा धाक शिकवला. प्रत्येक नामाला डेर, डी किंवा दास लागतं. टेबल पुरुष, दिवा स्त्री आणि मुलगी नपुंसकलिंगी. नामाचं लिंग एकदाचं पाठ झालं, की वाक्यात विभक्ती बदलते आणि डेरचं डेन, नाहीतर डेम होतं. महिन्याभरात वर्गातली बोलकी पोरंसुद्धा मुकी झाली. तोंड उघडण्याआधी मनात वाक्य रचायचं, तपासायचं, दुरुस्त करायचं. तोवर समोरचा घरी गेलेला असायचा.

आमच्या बाजारात हे परवडत नाही. पांढरकवड्यात आठवडी बाजार भरला की वऱ्हाडी, तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजाऱ्यांची गोरमाटी, हिंदी आणि उर्दू या सगळ्या एकाच वेळी कानावर येतात. यातली एखादीच प्रत्येकाला पूर्ण येते, बाकीच्या कामापुरत्या. बाबांचं बियाणं-खताचं दुकान. पाऊस, बोंडअळी, भाव आणि 'उद्या या' एवढं त्यांना पाच भाषांत बोलता येतं. उधारीही ते पाच भाषांत मागतात. मिळत मात्र एकाही भाषेत नाही. त्यांचं एखादं तेलुगू वाक्य खऱ्या तेलुगू पंडिताने ऐकलं तर तो पैनगंगेत उडी घेईल. गिऱ्हाईक मात्र बियाणं घेऊनच जातं.

केम्निट्झ १९५३ ते १९९० या काळात कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. गावाचं नाव परत बदललं, पण सात मीटरहून उंच असं मार्क्सचं नुसतं डोकं १९७१ पासून चौकात बसलेलं आहे. त्यामागच्या भिंतीवर जगातल्या कामगारांना एक होण्याचं आवाहन चार भाषांत कोरलंय. पाहुणे लोक थक्क होतात. आमच्याकडे चार भाषा वांग्याच्या भावालाच लागतात.

पहिला सामना सरकारी कचेरीशी. तिथे राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. त्या दाखल्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. वणीहून सुटलेल्या कोळशाच्या मालगाडीसारखा हा शब्द; इंजिन दिसतं, पण शेवटचा डबा येईपर्यंत फाटकाशी उभं राहावं लागतं. माझ्याने तो कधीच पुरा झाला नाही. मी "वोनुंग... पापिअर" म्हणून कागद पुढे सरकवला. बाईंनी शिक्का मारला. यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्याला एवढं तर कळतंच, की कचेरीत बोलतो तो कागद. माणसाने फक्त सोबत जायचं.

वेळेचं मात्र मला सोपं गेलं. जर्मन 'हाल्ब द्राय' म्हणजे तिनातला अर्धा, आपले अडीच. केम्निट्झकडे त्याच चालीवर 'पाऊण तीन' म्हणतात, ते आपले पावणेतीन. इंग्रजीच्या वळणाने विचार करणारी पोरं अडीचच्या भेटीला साडेतीनला पोचायची. एकवीससुद्धा ते आपल्यासारखेच, आधी एक आणि मग वीस असं म्हणतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलो नाही, याचा मला आयुष्यात पहिल्यांदा फायदा झाला.

खरी परीक्षा दह्याने घेतली. आईने फोनवर कढीचा हट्ट धरला होता. "पोट्ट्या, ब्रेडवर कोनी जगते का? दही आन, बेसन आन, कढी कर." बेसन आशियाई दुकानात मिळालं. दह्यासाठी सुपरमार्केटच्या थंड कपाटापुढे उभा राहिलो, तर क्वार्क, श्मांड, केफीर, बटरमिल्श, योगूर्ट अशी सगळी पांढरी भावकी समोर. सगळ्यांची डबी सारखी, सगळ्यांवर तीच गाय.

शेजारी एक आजीबाई होत्या. मी क्लास विसरलो, बाजार आठवला, आणि म्हणालो, "मिल्श. झाउअर. आबर गूट." म्हणजे दूध, आंबट, पण चांगलं. आजीबाई "नू" म्हणाल्या. मला वाटलं, नाही म्हणताहेत. पण सॅक्सनीत नू म्हणजे होय. पुस्तकातलं 'या' ते पुस्तकातच ठेवतात, जसं आम्ही 'होय' पुस्तकात ठेवून 'हाव' म्हणतो. त्यांनी विचारलं, कशाला हवंय? "सुपं. गेल्ब." पिवळं सूप. यावर त्यांनी पलीकडच्या बाईंना बोलावलं. दुसऱ्या बाईंनी माल लावणाऱ्या पोराला बोलावलं. पिवळ्या सूपात काय घालावं यावर तिघांची जी परिषद भरली, ती मला निम्मीसुद्धा कळली नाही, पण ती पांढरकवड्याच्या भाजीबाजारात चालून गेली असती. शेवटी माझ्या हातात योगूर्टचा डबा आला, आणि आजीबाईंनी आपल्या मनाने बटरमिल्शची बाटलीही टोपलीत टाकली. कढी झाली. जरा फुटली, पण कढीच झाली.

घरी येऊन शब्दकोश उघडला. योगूर्ट हा शब्द जर्मनीत डेरही चालतो आणि दासही. ऑस्ट्रियात डीसुद्धा म्हणतात. म्हणजे दह्याचं लिंग खुद्द जर्मन बोलणाऱ्यांनाच ठरवता आलेलं नाही! त्यापायी यवतमाळ जिल्ह्यातल्या पोराने उपाशी का मरावं?

तेव्हा परदेशी निघालेल्या पोरापोरींनो, क्लास जरूर लावा. परीक्षा द्या, प्रमाणपत्र घ्या. नोकरीला ते लागतं. पण निघण्याआधी महिनाभर एखाद्या बाजारात गल्ल्यावर बसा, आणि ज्या भाषेतलं अर्धंच कळतं, त्या भाषेत गिऱ्हाईक सांभाळा. चुकीचं बोलणाऱ्याला लोक हसतात, पण हसत हसत दही शोधून देतात. गप्प उभ्या राहिलेल्याला मात्र कोणत्याच देशात कोणी विचारत नाही.