दगडवाले काका

मीरा-भाईंदरमध्ये माणूस दगड शोधत फिरतो तो दोनच कारणांनी. एक तर ओट्यासाठी ग्रॅनाइट हवा असतो, नाहीतर ज्योतिषाने पुष्कराज सांगितलेला असतो. आमच्या दगडवाल्या काकांचं तिसरंच. कुठे टॉवरच्या पायासाठी खोदाई सुरू झाली की काका तिथे हजर. ढिगातला एखादा काळा, कंगोरेदार दगड उचलायचा, उजेडात धरायचा, चारी अंगांनी फिरवून बघायचा आणि मुकादमाला विचारायचं, "हा घेऊ का हो?" मुकादम आधी हसतो, मग जरा घाबरतो. फुकट दगड मागणारा माणूस बहुधा मोर्चातला असतो.

काकांना दगड लागतात ते चढायला. स्वतःला नव्हे, गाडीला. रिमोटवर चालणारी, वीतभर नाहीतर हातभर लांबीची जीप खडकांवरून चढवायची, उतरवायची आणि ठरलेल्या फाटकांतून एकही खुंटी न पाडता न्यायची, या खेळाला रॉक क्रॉलिंग म्हणतात. खऱ्या गाड्या दगडधोंड्यांत आणि चिखलात घालायची हौस गोव्यात २०१४ पासून 'रेनफॉरेस्ट चॅलेंज'मध्ये भर पावसात भागवली जाते. तिला जीप लागते, विंच लागतो आणि वडिलांची इस्टेट लागते. काकांच्या खेळाला एक दशांश किंवा एक चोविसांश मापाची गाडी पुरते. तिचा वेग भाजी घेऊन परतणाऱ्या माणसाइतकाही नसतो. नवीन पोरं येतात ती "काका, टॉप स्पीड किती?" असं विचारतच येतात. काका शांतपणे नोंदणीचा फॉर्म पुढे करतात. "वेग हवा असेल तर विरार फास्ट पकड, बाळा."

हे ते अधिकाराने बोलतात, कारण पश्चिम रेल्वेच्या लोकलवर ते गार्ड होते. २०२२ च्या जानेवारीत रेल्वेने गार्डचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' केलं, तोवर काका निवृत्त होऊन बसले होते. ही सल त्यांनी नियमावलीच्या पहिल्या पानावर काढली आहे. तिथे स्वतःच्या नावाखाली 'स्पर्धा मॅनेजर' असं छापलंय. बाकी सगळं जुनंच आहे. गळ्यात शिट्टी, बगलेत लाल-हिरवी झेंडी, हातात वही. लोकलमध्ये गार्डने एक घंटा दिली तर थांबायचं आणि दोन दिल्या तर निघायचं. काकांच्या स्पर्धेतही देव्हाऱ्यातल्या घंटेचे दोन टोले पडल्याशिवाय कोणाचं चाक हलत नाही. जगात गाडी चालवणारे असतात, गाडीत बसणारे असतात आणि गाडी सुटू देणारे असतात. काका तिसऱ्या जातीचे. आणि खरं सांगायचं तर पहिल्या दोन जातींना हे तिसरे लोक जरा जास्तच वाटतात.

त्यांच्यासमोर एक शब्द उच्चारायचा नाही. खेळणं. कोणी चुकून "छान खेळणं आहे हो" म्हणालं, की काका त्याला बसवून घेतात आणि दोन्ही टोकांना लॉक केलेले डिफरन्शियल, टायरच्या पोटातला फोम, ट्रॅक्सस कंपनीने २०१७ साली टीआरएक्स-फोर गाडीला दिलेले पोर्टल ॲक्सल इथपर्यंत नेऊन सोडतात. पोर्टल ॲक्सलमध्ये आस चाकाच्या मध्याच्या वर राहतो, त्यामुळे पोट दगडाला घासत नाही. ऐकणाऱ्याचं मात्र पोट तोवर भुकेने घासायला लागलेलं असतं. दुर्दैव असं, की सरकारचं मत त्या "छान खेळणं" म्हणणाऱ्यासारखंच आहे. सीमाशुल्काच्या यादीत बाहुल्या, कोडी आणि लहान मापाची मॉडेलं एकाच शीर्षकाखाली येतात. त्यावरचं शुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठवर गेलं आणि २०२३ साली सत्तरवर. परदेशी गाडी मागवणारा स्पर्धक कर भरतो तो बाहुलीचा. काकांनी याविरुद्ध एक निवेदन लिहून ठेवलंय. कोणाला पाठवायचं ते ठरत नाही, म्हणून ते दर स्पर्धेआधी वाचून दाखवतात.

नियमांवर मात्र त्यांच्याशी वाद घालू नये. गाडी मागे घेतली की एक गुण, खुंटीला धक्का लागला की दहा, गाडीला हात लावला की आणखी दहा. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या धर्तीवरच हे बेतलेलं आहे. सगळे गुण दंडाचे, तेव्हा ज्याचे सर्वांत कमी तो पहिला. हा हिशेब आपल्याकडे कोणाच्या पचनी पडत नाही. शांतीनगरच्या एका शेठजींनी मुलाला सत्त्याऐंशी गुण मिळालेले ऐकले आणि निकालाआधीच पेढे वाटले. दुसऱ्याच्या मुलाला अकरा मिळालेले बघून त्यांनी त्या पोराच्या पाठीवर हात ठेवून "मेहनत कर" असंही सांगितलं. काकांनी पेढा खाल्ला, वही मिटली आणि निकाल जाहीर केला. शेठजी अजून क्लासवाल्यांशी बोलावं तसं काकांशी फेरतपासणीबद्दल बोलतात.

पावसाळ्यात स्पर्धा सोसायटीच्या पोडियमवर होते. घरातून आणलेले दगड गोणपाटावर रचायचे आणि प्रत्येक चढाला घाटाचं नाव द्यायचं, हा काकांचा शौक. मग माइकवरून वाहतुकीच्या बातम्या सुरू होतात. "निळी जीप कसारा ओलांडून पुढे... वरंध्यात पांढरी गाडी लटकली आहे... आंबेनळीत दरड." फाटकांच्या खुंट्या म्हणून विणकामाच्या सुया रोवलेल्या असतात. काकूंचा अर्धा स्वेटर कित्येक वर्षं अर्धाच का आहे, याचं उत्तर तिथे उभं असतं. चार्जिंगला लावलेल्या लायपो बॅटऱ्या काका मातीच्या माठात ठेवतात आणि शेजारी खुर्ची टाकून बसतात, कारण ही बॅटरी फुगली की भडकू शकते. "माझ्या पुरणाशेजारी कधी एवढा वेळ उभे राहिला नाहीत," असं काकू म्हणतात. त्यात तक्रार कमी आणि नोंद जास्त असते. नवऱ्याच्या वहीचा गुण बायकोला लागतोच.

परवानगी काढण्याचं काम काकांना मनापासून आवडतं. त्यांच्या अर्जात 'रेडिओद्वारे नियंत्रित वाहन' असे शब्द होते. एका कार्यालयातल्या साहेबांनी ते वाचून चष्मा काढला. "ड्रोन आहे का?" काका म्हणाले, "नाही, चाकं आहेत." साहेबांनी विचार केला. "तसं लिहून द्या." तेव्हापासून काकांच्या फाइलीत शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर एक हमीपत्र आहे: सदर वाहन कोणत्याही परिस्थितीत उडणार नाही. एखादी गाडी कड्यावरून घरंगळून हवेत दिसली की काकांचा चेहरा पांढरा पडतो. ती मोडेल म्हणून नव्हे, हमीपत्र मोडेल म्हणून.

खरी मजा उत्तनला. समुद्राने घासलेले खडक तिथे आयते पडलेत, अट फक्त पाणी बाजूला होण्याची. काकांनी पहिली स्पर्धा सगळ्यांना सोयीचा म्हणून एका रविवारी, दुपारी ठेवली. झेंडे लागले, मांडव लागला, समुद्र काही हटेना. वलांडीवर बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी बराच वेळ हा प्रकार बघत होती. शेवटी तिलाच राहवलं नाही. "बाबा, आज अष्टमी. भांग हाय. पानी लांब जायाचा नाय." रेल्वेचं वेळापत्रक पाठ असलेल्या माणसाला समुद्राचं वेळापत्रक तिथे समजलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. मुंबईच्या किनाऱ्यावर तेव्हा भरती भर दुपारी येते आणि ओहोटी पहाटे सहा-सातच्या सुमारास खडक पार उघडे टाकते. तेव्हापासून २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटवर चालणाऱ्या या खेळाची तारीख काका कालनिर्णयात तिथी बघून काढतात. सोमवारी अमावास्या आली की त्यांना सण वाटतो, कारण आदला रविवार साधतो. मीरा रोडच्या आयटीवाल्यांना पहाटे पावणेसहाला उत्तनच्या किनाऱ्यावर उभं करणं हे कुठल्याही कंपनीला न जमलेलं काम काका दर दोन-तीन महिन्यांनी करून दाखवतात.

तिथेच एकदा उत्तनचा एक कोळी पोरगा आला. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. हातात चिनी डब्ल्यूपीएलची गाडी, इतरांच्या एका टायरच्या भावात आलेली. बाकीचे आयात केलेली पितळी वजनं चाकांत बसवून आलेले. वजन खाली आणि पुढे असलं की चढावर गाडी मागे उलटत नाही. या पोराने पुढच्या दोन चाकांत जाळ्याला लावायचं शिसं कोंबलं होतं. घंटेचे दोन टोले पडले. पोराने गाडी एकदाही मागे घेतली नाही. लाट कुठून फुटते हे ज्याला लहानपणापासून ठाऊक, त्याला दगडाची ओली बाजू सांगावी लागत नाही. एकूण गुण शून्य. एका दंतवैद्य स्पर्धकाने लगेच हरकत घेतली: शिसं चालतं का? काकांनी नियमावली काढली, चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मागे पाणी चढत होतं, पण काका पान गाळणाऱ्यांतले नाहीत. शेवटी म्हणाले, "वजनाला बंदी नाही. धातूचं नाव लिहिलेलं नाही." आणि लाल झेंडी दाखवून हरकत फेटाळली.

बक्षीस नेहमी भांड्याचं असतं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, ट्रॉफी कशाला, हे काकांचं म्हणणं. डबा घरात वापरला तरी जातो. त्या दिवशीच्या डब्यावर नाव कोरणाऱ्याने हाताच्या सवयीने पोराच्या नावापुढे 'यांजकडून सप्रेम भेट' असं घातलं. पोराने डबा तसाच घरी नेला. आईने विचारलं, कोणाला दिलास आणि परत का आणलास?

काकांची स्वतःची गाडी आहे. चांगली ॲक्सिअल कंपनीची, खोक्यातच असते. त्यांनीही उतरावं म्हणून सगळ्यांनी एकदा फारच आग्रह केला, तेव्हा त्यांनी खोकं उघडलं, टायर पुसले, रिमोट हातात घेतला, सुरुवातीच्या रेषेपर्यंत गेले. मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. नोंदणी बंद होऊन चार मिनिटं झाली होती. काकांनी वहीत आपलं नाव लिहिलं, पुढे 'बाद' असा शेरा मारला, खाली सही केली आणि गाडी परत खोक्यात ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी एरवी कधी पाहिलेलं नाही. गाडी चालवून ते त्यांना मिळालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला यायचं असेल तर कालनिर्णयात अमावास्येला किंवा पौर्णिमेला चिकटलेला रविवार बघा. खाऱ्या पाण्याने बेअरिंग गंजतात, तेव्हा गाडी धुवायला घरून गोड्या पाण्याची बाटली आणा. नोंदणी पावणेसहाला बंद होते आणि काका एक मिनिटही थांबत नाहीत. गाडी नसली तरी या. खुंटी पडली की नाही हे बघायला फाटकाशी बसणारी माणसं नेहमी कमी पडतात, आणि त्या कामाला चहा मिळतो.