डावा हात खिशात

औरंगपुऱ्यातल्या भाजीवाल्यांपुढे एक गृहस्थ एकाच हाताने भाजी घेताना दिसतात. पिशवी कोपरात अडकवलेली. उजव्या हाताने भेंडीचं टोक मोडून बघायचं, त्याच हाताने पैसे मोजायचे आणि त्याच हाताने घासाघीस करायची. डावा हात पँटच्या खिशात. लग्नात आहेर देतानाही तो खिशातच असतो. महात्मा फुल्यांच्या पुतळ्यापाशी कोणी ओळखीचं भेटलं, तर नमस्कारसुद्धा अर्धाच होतो. नव्या माणसाला वाटतं, गृहस्थ शिष्ट आहेत. भाजीवालीला वाटतं, सुटे पैसे दाबून धरलेत. खरं कारण विजेचं आहे. तीनशे व्होल्ट खेळत असलेल्या उघड्या डब्यात बोट घालताना दुसरा हात खिशात ठेवावा, म्हणजे चुकून झटका बसलाच तरी वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जात नाही, असा रेडिओच्या व्हॉल्व्हवर काम करणाऱ्यांचा जुना दंडक आहे. दंडक टेबलापुरता होता. यांनी तो संसाराला लावला.

हे आमच्या गल्लीचे व्हॉल्व्हकाका. वाळूजच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात, नातवंडांच्या मागे धावतात किंवा सोसायटीची निवडणूक लढवतात. काकांनी घरी अँप्लिफायर बनवायला घेतला. साधा नाही, काचेच्या व्हॉल्व्हचा. आणि एका कानाचा नाही, दोन्ही कानांचा, म्हणजे स्टिरिओ. आराखडा मुलार्ड कंपनीने १९५९ मध्ये छापलेल्या पुस्तकातला. त्यातल्या प्रसिद्ध सर्किटचं नाव ‘पाच-दहा’: पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. दोन कान म्हणून काकांनी दोन बांधले. दोन्ही मिळून भिंतीतून शंभरेक वॅट घेतात आणि स्पीकरला वीस देतात. उरलेले खोलीला मिळतात. मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, काकांच्या खोलीत संगीत ऐकायला बसणं याला आमच्याकडे पंचाग्निसाधन म्हणतात. कूलर लावावा तर त्याची घरघर ध्वनीत मिसळते, म्हणून तो बंद. काका स्वतः बनियनवर बसतात. पाहुण्यांना तीही सवलत नाही.

काकांचा इतिहास व्हॉल्व्हपाशी सुरू होतो आणि तिथेच थांबतो. १९४७ हे वर्ष त्यांच्या लेखी मोठं गुंतागुंतीचं. त्या वर्षी एप्रिल-मेमध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात विल्यमसन नावाच्या इंजिनिअरने आपल्या अँप्लिफायरचं सर्किट छापलं, हे फार चांगलं झालं. ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला, हेही चांगलंच झालं. पण डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर चालू झाला आणि सगळ्यावर पाणी पडलं. मराठवाड्याचा विषय निघाला की मुक्तिसंग्रामाच्या आधी काका रेडिओवर येतात. स्वातंत्र्याच्या वेळी देशभरातल्या संस्थानांची मिळून पाच रेडिओ केंद्रं होती. म्हैसूर, त्रिवेंद्रम, बडोदा, हैदराबाद आणि पाचवं आपल्या गावात. हे सांगताना त्यांचा आवाज असा चढतो, की ते केंद्र त्यांच्याच व्हॉल्व्हवर चाललं असावं असं ऐकणाऱ्याला वाटतं.

गावात व्हॉल्व्ह मिळत नाहीत. पैठणगेटच्या दुकानांतून मोबाइलची काच, कव्हर, चार्जर, इयरफोन जे म्हणाल ते मिळतं. ‘ईएल ८४ आहे का?’ असं विचारलं की पोरगा मान न वळवता म्हणतो, ‘‘वो मॉडल बंद हो गया, काका.’’ बंद कधी झालं, हे त्याच्या वडिलांनाही आठवणार नाही. मग काका जुन्या मंडपवाल्यांची गोदामं धुंडाळतात. गणपतीत लाउडस्पीकरमागे व्हॉल्व्हचे अँप्लिफायर घुमत, त्या काळातले पत्र्याचे खोके तिथे धूळ खात पडलेले असतात. एखाद्या खोक्यातून बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे ‘बेल’चा, व्हॉल्व्ह निघाला की काका तो रुमालात गुंडाळून, रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याची आगाऊ सूचना देत घरी आणतात.

बाकी भिस्त मुंबईवर. लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार ही त्यांची दोन तीर्थं. पण प्रवासाने कंबर धरते, म्हणून यात्रा दुसऱ्याने करायची. गल्लीतून कोणीही मुंबईला निघालं, मग ते मुलाखतीला असो की ऑपरेशनला, जिन्याखाली काका चिठ्ठी घेऊन उभे. २०२२ मध्ये रशियाचं युद्ध पेटलं तेव्हा गल्लीतल्या बायका सूर्यफुलाच्या तेलाचं बोलत होत्या, पुरुष पेट्रोलचं. काका एकटेच सारातोवची काळजी करत होते. सारातोव हे रशियातलं व्हॉल्व्हच्या कारखान्याचं गाव. रशियाचे व्हॉल्व्ह बाहेर येणं थांबणार अशी बातमी आली, त्या रात्री ते जेवले नाहीत.

सगळ्यांत मोठा अध्याय ट्रान्सफॉर्मरचा. व्हॉल्व्हला दाब मोठा आणि प्रवाह चिमूटभर. स्पीकरला नेमकं उलट हवं. एकीकडे आठ हजार ओहम, दुसरीकडे आठ. अशा दोन घराण्यांची सोयरीक जुळवणारा मध्यस्थ म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि लग्नात होतं तसं इथेही नंतरचा सगळा दोष मध्यस्थावर येतो. तो बांधायला काका मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेले. तांब्याची तार एका दमात गुंडाळायची नाही. थोडे वेढे या बाजूचे, मग कागद, थोडे त्या बाजूचे, मग पुन्हा कागद, असे थरावर थर द्यायचे. वाइंडरने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, ‘‘काका, इतने में कूलर की मोटर बांध देता हूं. हवा तो आएगी.’’ मार्चपासून पाऊस पडेपर्यंत सगळं गाव कूलरच्या मोटारी घेऊन त्याच्या दारात उभं असतं; तेवढे महिने काकांच्या संगीताला सुतक. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या पेटीला भोकं पाडून घ्यायला गेले, तर कारागिराने नकाशा उलटसुलट करून विचारलं, ‘‘किती बर्नरची?’’

इतकं करून डबा चालू झाला आणि घूं करू लागला. या घूंवर काकांचं खरं प्रभुत्व आहे. आपल्या विजेला सेकंदाला पन्नास हेलकावे असतात. घूं पन्नासची असेल तर दोष तापतारेच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये. शंभरची असेल तर वीज एकदिश झाल्यावर ती गाळणाऱ्या कपॅसिटरमध्ये. पाहुण्याला खुर्चीत बसवून काका विचारतात, ‘‘सांगा, पन्नास की शंभर?’’ पाहुणा बिचारा दर सांगताहेत असं समजून म्हणतो, ‘‘तुम्हीच बघा काय द्यायचं ते.’’

घरात या परीक्षेत पहिला नंबर काकूंचा. काकूंना मिक्सर लावायची परवानगी नाही, कारण स्पीकरमध्ये चटणी ऐकू येते. फ्रिज मध्येच खाडकन चालू झाला तरी काका त्याच्याकडे रागाने बघतात. ‘‘तीनशे व्होल्ट घेऊन दिवाणखान्यात बसायलेत अन् मला म्हणतात पाटा-वरवंटा वापर,’’ काकू म्हणतात. पण पोळ्या लाटता लाटता आतून आवाज येतो, ‘‘अहो, शंभरचा आहे. उजव्या बाजूचा कपॅसिटर बघा.’’ काका बघतात. तोच निघतो.

ऐकवण्याचा कार्यक्रम ठरवताना पंचांगापेक्षा नळाचं वेळापत्रक महत्त्वाचं. आमच्या गावात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी सगळी गल्ली एकाच वेळी मोटारी लावते. व्होल्टेज खाली बसतं, स्पीकर गुरगुरतो. म्हणून मैफल बिनपाण्याच्या दिवशी. आधी डबा तापू द्यायचा. तेवढ्यात दोन चहा होतात. मग भीमसेन जोशींची तबकडी लागते. तंबोरे सुरू होतात. पंडितजी अजून षड्ज लावायचेत, तोच काका सुई उचलतात. ‘‘ऐकलंत? जव्हारी! ट्रान्झिस्टरवर ही जव्हारी कोरडी लागते.’’ पुन्हा तंबोरे, पुन्हा सुई वर. मग पेन्सिलीने एकेका व्हॉल्व्हवर टकटक करून दाखवतात; स्पीकरमधून घंटेसारखा आवाज येतो. ‘‘ईएफ ८६. नाजूक जात. हिला कान असतात.’’ काकांकडे मैफलीला जाऊन ख्याल द्रुतपर्यंत ऐकलेला माणूस गल्लीत नव्हता. बहुतेकांच्या मते पंडितजी तंबोरा वाजवत.

अन् एका संध्याकाळी आक्रीत झालं. पाणी नव्हतं, वीज होती, घूं तर नावालाही नव्हती. काका सुई उचलायला पुढे झाले आणि थबकले. दाखवण्यासारखं काहीच चुकत नव्हतं. तबकडीची एक बाजू संपली, दुसरी लागली, तीही संपली. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘‘काय गळा होता हो!’’ कोणी तानेचं कौतुक केलं, कोणी तबल्याचं. भीमसेनांनी हे कुठे गायलं असेल यावर जिन्यात बराच वेळ वाद रंगला. डब्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

काका रात्रभर अस्वस्थ होते. ‘‘गळा तर मोबाइलवरही तोच आहे,’’ ते काकूंना म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा टेबलावर पालथा पडला होता आणि शेजारी नवा नकाशा उलगडला होता. आता ईएल ३४ बसवायचेत. वॅट जास्त, दाब जास्त, ट्रान्सफॉर्मर मोठा. आणि काका खात्रीने सांगतात की पहिलं वर्षभर तरी घूं जाणार नाही.

तेव्हा औरंगपुऱ्यातून जाणाऱ्यांना एक सूचना. खिशात तपोवन एक्सप्रेसचं तिकीट असेल तर चेहऱ्यावर दिसू देऊ नका, आणि सुट्टीत कुठे चाललात असं कोणी विचारलं तर बेधडक जालना सांगा. मुंबई म्हणालात तर चिठ्ठी हातात पडेल. ‘‘विशेष काही नाही, छोटंसंच आहे,’’ काका म्हणतील. छोटंसं म्हणजे चार किलो लोखंड पिशवीत. आणि व्हॉल्व्हचं खोकं कल्याणपासून मांडीवर, कारण वरच्या फळीवर हादरे बसतात.