सुलभ सांगली-प्रवेश (फक्त जतकरांसाठी)

आधी शब्द नीट करून घेऊ. जतहून सांगलीला राहायला जाणाऱ्या माणसाला ‘स्थलांतरित’ म्हणायचं नाही. तो शब्द ऊसतोडीच्या टोळ्यांसाठी आणि सरकारी अहवालांसाठी राखून ठेवलाय. आपल्याकडे पोरगं दहाव्या वर्षी सांगलीला ‘ठेवतात’, अठराव्या वर्षी ते ‘खोली करतं’, तिशीत ‘फ्लॅट घेतं’, चाळिशीत ‘पोरांसाठी बिऱ्हाड करतं’ आणि पंचाहत्तरीत त्याला ‘नेतात’. क्रियापद ऐकलं की वय कळतं. आपण कुठल्या क्रियापदात बसतो ते बघावं आणि तिथून वाचायला लागावं. यातली चार मी स्वतःवर चालवली आहेत. पाचवं आईवर चालवलं.

जागा बदलायची भीती वाटत असेल तर थोडा इतिहास उपयोगी पडतो. आपले राजेसुद्धा मूळचे इथले नव्हेत. डफळे म्हणजे मुळात चव्हाण. डफळापूरच्या पाटीलकीवरून आडनाव पडलं आणि राज्य केलं जतेत. 1948 साली संस्थान विलीन झालं, 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 साली त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. म्हणजे माझे आजोबा घराचा उंबरा न ओलांडता संस्थानातून दक्षिण साताऱ्यात आणि तिथून सांगलीत राहायला आले. टेम्पो लागला नाही, हमाली लागली नाही. 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तालुक्यातल्या चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा तसाच फुकटचा योग पुन्हा आला होता. पण तो बातम्यांतच विरला.

आता प्रवास. एसटीत सांगलीला जाताना ड्रायव्हरच्या बाजूला बसावं, परत येताना दाराच्या बाजूला. रस्ता मोघम पूर्व-पश्चिम आहे, ऊन दक्षिणेकडून येतं. एवढं एक ज्याला कळलं त्याला या मार्गदर्शिकेतलं निम्मं कळलं. नागज फाटा गेला, कवठेमहांकाळ आलं की खिडकीतून म्हैसाळ योजनेचा कालवा शोधावा. मिरज तालुक्यात म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं पंपांनी वर चढवत दुष्काळी तालुक्यांकडे आणतात. पाणी सांगलीकडून जतकडे निघालेलं असतं आणि आपण जतहून सांगलीकडे. कवठेमहांकाळच्या आसपास कुठं तरी दोघं एकमेकांना ओलांडतो. पाण्याला यायला कित्येक वर्षं लागली. आपली गाडी दोन-अडीच तासांत पोचते.

दहाव्या वर्षी ‘ठेवलेल्या’ मुलांसाठी सूचना थोडक्यात आहेत. आत्याकडे ठेवलं असेल तर भाकरी मागून घ्यावी, काकांकडे ठेवलं असेल तर वाट बघावी. वर्गात ‘गेलतो, आलतो’ म्हटलं तर कुणी हसणार नाही, सांगलीकरही तेच म्हणतात. पण घाबरल्यावर तोंडातून ‘यव्वा!’ निघालं तर मात्र चौथ्या बाकावरून ‘कानडी आला’ असं ऐकू येईल. तेव्हा घाबरायचं नाही. घाबरलाच तर मराठीत घाबरावं.

अठराव्या वर्षी खोली करतात. खोली एकट्यानं होत नाही, तिला तिघे-चौघे लागतात. त्यातला एक स्वयंपाक येतो असं सांगणारा, एक भाडं उशिरा देणारा आणि एक खरोखर अभ्यास करणारा. एकट्याला राहायचं असेल तर ‘कॉट बेसिस’ हा प्रकार आहे. त्यात आपल्या मालकीची फक्त कॉट असते, खालची जमीन घरमालकाची. विलिंग्डन किंवा वालचंदला नंबर लागला असेल तर विश्रामबागेकडे बघावं, नसेल लागला तरी तिकडेच बघावं, कारण घरी सांगायला पत्ता बरा दिसतो.

खायचं काय, हा प्रश्न आपल्या आज्यांनी आधीच सोडवून ठेवलाय. कडक भाकरी. ज्वारीची पातळ थापलेली, तव्यावर भाजून मग मंद आचेवर वाळवत नेलेली. पापडासारखी मोडते, पंधरा दिवस काही होत नाही. आमच्या घरून ती डालड्याच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात यायची. तळाला शेंगांची चटणी कागदाच्या पुड्यात, वर भाकऱ्या उभ्या लावलेल्या, कारण आडव्या लावल्या तर नागजच्या पुढच्या खड्ड्यांत त्यांचा चुरा होतो. डबा धोतराच्या फडक्यात बांधलेला, गाठीला सुतळी, आणि झाकणावर वडिलांनी बैलाच्या शिंगांसाठी आणलेल्या लाल ऑइलपेंटनं घातलेलं माझं नाव. डबा कंडक्टरच्या स्वाधीन. मी सांगली स्टँडवर फलाटाला उभा. गाडी लागली की प्रवासी उतरायच्या आत डब्यांसाठी हात वर व्हायचे. एकदा अदलाबदल झाली आणि मला कुणाचा तरी पुरणपोळ्यांचा डबा मिळाला. प्रामाणिकपणे परत करण्याआधी दोन खाल्ल्या. त्या पोरानं माझी अर्धी चटणी संपवली होती, त्यामुळे हिशेब मिटला. पुढं तो माझा रूम पार्टनर झाला (भाडं उशिरा देणारा).

तिशीत फ्लॅट घेतात. खरं तर घेत नाहीत, घ्यावा लागतो. मुलगी बघायला गेलं की पोहे येण्याआधी प्रश्न येतो, ‘सांगलीत काय आहे?’ बारा एकर डाळिंब आहे म्हटलं तर पाहुणे मान हलवतात, तेल्या रोगाचं त्यांनीही ऐकलेलं असतं. दारात माडग्याळी मेंढा आहे म्हटलं तर मुलीचे वडील जरा पुढं सरकतात, चांगल्या नाकाच्या मेंढ्याची किंमत त्यांना ठाऊक असते. पण मुलीची आई सरकत नाही. तिला बाथरूम आत पाहिजे.

फ्लॅट घेताना जतकर एक ठराविक चूक करतो, म्हणून इथं जरा थांबू. जन्मभर आपण ‘पाणी आहे का?’ एवढंच विचारत आलेलो असतो. बोअरला किती फुटांवर लागतं, टँकर किती दिवसांनी येतो. त्यामुळे एजंटानं ‘साहेब, इथं पाण्याला कमी नाही’ म्हटलं की आपले डोळे भरून येतात आणि आपण टोकन देतो. सांगलीत प्रश्न उलटा विचारायचा असतो: पाणी येतं का, आणि आलं तर कितव्या पायरीपर्यंत? शेजारच्या जुन्या घराची भिंत बघावी. 2005 सालची ओल, 2019 सालची ओल, 2021 सालची ओल, अशा तीन रेघा तिथं वाचता येतात. काहींनी तर रंगानं आखून ठेवल्या आहेत. सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता, दत्तनगर ही नावं जाहिरातीत ‘नदीसान्निध्य’ म्हणून आली की समजून घ्यावं.

आकडेही नवे पाठ करावे लागतात. आयर्विन पूल 1929 सालचा. त्याच्याजवळ 40 फूट पाणी म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांवर गेलं. जतमध्ये चारशे फूट म्हटलं की माणूस खाली बघतो, सांगलीत चाळीस फूट म्हटलं की जिना बघतो. मी दुसरा मजला घेतला. शहाणपणानं नव्हे, पहिल्याचे पैसे जास्त होते.

चाळिशीतलं ‘पोरांसाठी बिऱ्हाड’ सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत महाग. बायको-मुलं सांगलीत, आपण जतेत. दोन चुली, दोन गॅस, दोन वायफाय आणि एक मोटारसायकल, जी नेमकी दुसऱ्या गावात असते. शनिवारी संध्याकाळी जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परतायचं. मुलं तुम्हाला पाहुण्यासारखा चहा देतात. यावर उपाय मला सापडलेला नाही. मुलीला एकदा मार्गशीर्षात यल्लम्माच्या यात्रेला आणलं, तर तिनं विचारलं, ‘बाबा, तुम्ही इथं एकटेच राहता?’ मी म्हटलं, ‘नाही गं, सगळं गाव आहे की.’ तिला ते पुरेसं वाटलं नाही.

याच एसटीतून एक उलटी वाहतूक चालते, तिचाही उल्लेख केला पाहिजे. जतला बदली झालेले पश्चिमेकडचे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी. ‘जतला टाकलं’ असं ते म्हणतात, तुरुंगात टाकावं तसं. त्यांच्या बायका-पोरंही सांगलीतच असतात. सोमवारी पहाटे आपण दोघं एकाच बाकावर बसून एकाच गावाला येतो, फक्त ते शिक्षा भोगायला आणि आपण घरी. पण त्यातले बरेचसे गुरुजी सीमेवरच्या गावांत कानडी शिकून जातात, आणि सुटीला घरी गेल्यावर कडक भाकरीची चौकशी करतात, हेही मी पाहिलंय.

राहिलं पंचाहत्तरीचं. इथं कर्ता बदलतो. आई कधी म्हणत नाही, ‘मी सांगलीला गेले’. ती म्हणते, ‘मला नेलं’. निमित्त बहुतेक वेळा मिरजेचं असतं. 1894 साली वानलेस साहेबांनी तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून सांगली-कोल्हापूर-विजापूर भागातल्या गुडघ्यांना, डोळ्यांना आणि काळजांना मिरजेचा रस्ता पाठ आहे. आईचा मोतीबिंदू होता. 2019 च्या उन्हाळ्यात नेली, ‘चार दिवस’ म्हणून.

वृद्धांना फ्लॅटमध्ये बसवण्याच्या सूचना पुष्कळ देता येतील, त्यांतली एकही चालत नाही. दार लावायचं असतं, हे त्यांना पटत नाही. आई सकाळी दार उघडून उंबऱ्यावर बसायची आणि समोरचं बंद दार बघत राहायची. समोरचे लोक वाईट नव्हते, ऑफिसला गेलेले असायचे.

दुसरं म्हणजे ती पाणी भरायची. नळाला रोज पाणी येतं, वर टाकी आहे, हे तिला दाखवून झालं. तिनं मान डोलवली आणि बादल्या भरल्या. मग पातेली. मग प्रेशर कुकर. मग मुलीची पाण्याची बाटली, पिठाचे मोकळे डबे आणि तो लाल ऑइलपेंटचा डालड्याचा डबा, जो तोवर आमच्याकडे स्क्रू-खिळ्यांसाठी होता. दुसऱ्या दिवशी कालचं पाणी ओतून द्यायचं नाही, त्यानं फरशी पुसायची, फरशीचं पाणी कुंडीला. बायको म्हणाली, ‘आत्या, अहो स्वयंपाकाला भांडं नाही उरलं.’ आईनं एक वाटी रिकामी करून दिली.

ऑगस्टात पाऊस लागला. कॉलनीच्या तोंडाला नदीचं पाणी आलं, मग गेटात, मग पार्किंगमधल्या गाड्यांच्या सीटवर. लाइट गेली. मग नळ गेला. खाली पुरुषभर पाणी आणि वर प्यायला थेंब नाही, हे पहिल्या दिवशी कुणाला कळेना. समोरचं दार उघडलं. मग शेजारचं. आई एकेकाला पातेलं देत होती, मापून, माणसं विचारून. ‘किती हायसा घरात? पाच? मग ह्ये न्या, आन् झाकण परत द्या.’ तीन दिवस मजल्यावरची चार घरं त्या भांड्यांवर निघाली.

पाणी ओसरल्यावर चिखलातून टँकर आला आणि माणसांची झुंबड उडाली. आई खाली उतरली. तिनं आधी सगळ्यांच्या घागरी-बादल्या ओळीनं मांडायला लावल्या आणि माणसांना सावलीत बसवलं. टँकरच्या रांगेत उभं राहायचं असतं ते भांड्यानं. बँकेतले, इंजिनिअर, एक प्राध्यापक, सगळे कट्ट्यावर गुपचूप बसले.

आठवड्यानं रस्ता सुरू झाला तशी तिनं पिशवी भरली. तेव्हा जतेत अजून पाऊस नव्हता, गावाला टँकर चालूच होते. मी म्हटलं, ‘आता सगळं नीट झालंय, नळ आलाय, राहा की दिवाळीपर्यंत.’

‘नगं. मला जतला सोड,’ ती म्हणाली. ‘तितं टँकर येळंवर येतोय.’